आज रात्री बारापर्यंतची सवलत

प्रश्न : ताई, मी सातपूरच्या एका कारखान्यात डिस्पॅच सुपरवायझर आहे. वय ३३, बी.कॉम., हातात ३१ हजार येतात. आठवडाभर एका ऑनलाइन एमबीएसाठी रोज फोन येतोय. फी १ लाख १० हजार, हप्ता ५,२०० रुपये, २४ महिने. काउन्सेलर म्हणते, सवलत आज रात्री बारापर्यंतच. आमच्या साहेबांना मात्र ऑनलाइन डिग्री म्हणजे घरबसल्या विकत घेतलेला कागद वाटतो. एवढ्या स्वस्तातल्या एमबीएला किंमत असते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा. ५,२०० गुणिले २४ म्हणजे १ लाख २४ हजार ८००. फीपेक्षा वरचे १४,८०० कुणाच्या खिशात जाणार, हे त्या काउन्सेलरबाईंना विचारा. माझ्या भाच्याने असाच ‘नुसता हप्ता’ समजून ओटीपी सांगितला आणि ते निघालं फायनान्स कंपनीचं कर्ज. तिसऱ्या महिन्यात त्याने कोर्स सोडला, हप्त्यांनी काही त्याला सोडलं नाही. कर्ज असेल तर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते द्यावंच लागतं आणि खरा वार्षिक दर त्यात छापलेला असतो. आणि बाराचं म्हणाल, तर उद्या पुन्हा फोन येईल.

साहेबांचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. पण ‘आमचं विद्यापीठ यूजीसीमान्य आहे’ एवढ्यावर जाऊ नका. त्याच अभ्यासक्रमाला, त्याच सत्रासाठी मान्यता आहे का, ते यूजीसीच्या डीईबीच्या (दूरशिक्षण विभागाच्या) साइटवर स्वतः बघा. प्रवेशासाठी डीईबी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, लागतो, तोही स्वतःच काढा. ‘दहा दिवसांत एमबीए’ विकणारेही निघाले होते. २०२४ मध्ये यूजीसीला त्यावर सूचना काढावी लागली.

आता किमतीचं. मी चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं एचआर सांभाळलं. स्टोअर्समधल्या एका जागेसाठी एकदा दोघांना बोलावलं, दोघेही ऑनलाइन एमबीए. पहिल्याच्या प्रोजेक्टचं बाइंडिंग छान, इन्व्हेंटरी टर्नओव्हरची (साठा किती वेगाने खपतो त्याची) व्याख्या तोंडपाठ. मी विचारलं, ‘तुमच्या स्टोअरमध्ये किती दिवसांचा माल पडून असतो?’ तो पंख्याकडे बघायला लागला. दुसऱ्याची डिग्री त्याहून स्वस्तातली, इंग्रजी अडखळत. पण प्रोजेक्ट केला होता रिकाम्या ट्रॉल्यांवर : ग्राहकाकडे माल गेला की ट्रॉल्या परत का येत नाहीत? गेटच्या रजिस्टरची झेरॉक्स पुढे ठेवून, कोणत्या गाडीच्या नोंदीत परतीचा रकाना कोरा राहिलाय, ते त्याने लाल पेनाने दाखवलं. आम्ही त्यालाच घेतलं.

एमबीएमुळे? निम्मं निम्मं. डिग्री नसती तर त्याचा अर्ज माझ्या टेबलावर आलाच नसता. एमबीएचा रकाना रिकामा दिसला की अर्ज बाजूला टाकायचा, असं चालायचं. (टाकायचे मीच. अभिमानाने नाही सांगत.) त्या रकान्यात काहीतरी लिहिता येणं, ही स्वस्त एमबीएची खरी किंमत. दार उघडतं, पुढे ट्रॉल्यांचं तुम्हालाच सांगावं लागतं. ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ वगैरेसाठी मी एक रुपया जास्त देणार नाही.

म्हणून काउन्सेलरच्या आधी तुमच्याच एचआरकडे जा. असिस्टंट मॅनेजरच्या जागेला एमबीए लागतं का? ऑनलाइन चालतं का? गेल्या काही वर्षांत असं शिकून कुणी वर गेलंय का? तिन्हीला ‘नाही’ आलं, तर त्या कंपनीपुरते तरी पैसे वाचवा.

‘हो’ आलं तरी कर्ज कशाला? मुक्त विद्यापीठ तुमच्याच गावात, गंगापूर धरणाजवळ आहे. एका साप्ताहिक सुट्टीला जाऊन तिथल्या एमबीएची चौकशी करा. इग्नूचं एमबीए साधारण साठ-पासष्ट हजारांत होतं, फी सत्रासत्राला भरायची. दोन वर्षांचं चार वर्षांपर्यंत पुरवता येतं. डिस्पॅचवाल्याला मार्चएंडला ही सवड किती लागते, ते मी सांगायला नको. पण त्याआधी ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर मॅनेजमेंटचा एखादा फुकट कोर्स लावा. सेकंड शिफ्ट करून आल्यावर तुम्ही खरोखर लॅपटॉप उघडता की जेवून आडवे होता, ते महिन्याभरात कळेल.

आणि हो, एचआरकडे महिनाअखेरीस जाऊ नका. हजेरी-पगाराच्या गडबडीत मीसुद्धा सगळ्यांना ‘बघू’च म्हणायचे. दहा तारखेनंतर, जेवणाच्या सुट्टीनंतर गाठा.