अतिवृष्टीचं अनुदान नेमकं कुठं अडतं?

प्रश्न : साठ आर सोयाबीन पाण्यात गेलं. पंचनामा झाला, यादीत नावही आलं. शेजाऱ्याला पैसे मिळाले, मला नाहीत. तलाठी ‘वर विचारा’ म्हणतात. (औसा)

उत्तर : यादीत नाव आलं की तलाठ्यांचं काम जवळपास संपलं. आता नावापुढचा विशिष्ट क्रमांक, म्हणजे गावात ज्याला व्हीके नंबर म्हणतात तो, आणि आधार घेऊन ई-केवायसी करायला सेवा केंद्रात जा. अंगठा लावण्याआधी गट नंबर, क्षेत्र, रक्कम वाचून घ्या. चूक असेल तर तिथंच थांबा. तहसीलला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २०२५ च्या मदतीत शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना ई-केवायसीतून सूट दिली होती.

केवायसी होऊनही पैसे नसतील तर घोळ बहुधा खात्याचा असतो. पासबुकाची झेरॉक्स तुम्ही कोणत्याही खात्याची दिलेली असो, पैसे जातात ते डीबीटीसाठी (सरकारी रक्कम थेट खात्यात जमा होण्यासाठी) आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात. सिम घेताना दुकानदारानं उघडून दिलेलं, आपण केव्हाच विसरलेलं पेमेंट बँकेचं खातं अशा वेळी निघतं! आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ (म्हणजे आधारला कोणतं खातं जोडलंय ते) पाहा, बँकेचं नाव दिसेल. बँकेतही नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हणू नका, त्यावर फक्त केवायसी करून मोकळे होतात. ‘डीबीटीसाठी सीडिंग’चा फॉर्म मागा.

रकमेचा हिशेब असा : जिरायत हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे ०.६० हेक्टरचे ५,१००. नुकसान किमान ३३ टक्के लागतं. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर रब्बीच्या बियाण्यासाठी जाहीर झालेले हेक्टरी १०,००० वेगळे. ते याच रकमेत शोधत बसू नका.

प्रश्न : जमीन वडिलांच्या नावावर, ते वारले. आम्ही तिघं भाऊ. (परंडा)

उत्तर : मयताच्या नावचं अनुदान वारसांची नोंद होईपर्यंत लटकतं. मृत्यू दाखला आणि वारसांचं शपथपत्र जोडून वारस फेरफाराचा अर्ज आजच द्या. नोटिशीचे पंधरा दिवस त्यात जातातच. नोंद झाल्यावर जमिनीचं खातं सामाईक होईल. मग एकाच्या बँक खात्यावर रक्कम घ्यायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागेल. तिघांच्या सह्या होतात आणि बहिणीची राहते. वारसांत तिचं नाव असेल तर तिच्या सहीशिवाय कागद परत येतो.

प्रश्न : सिंदफणेनं मातीच नेली. हेक्टरी ८,५०० मध्ये काय होणार? (गेवराई)

उत्तर : काहीच नाही. म्हणूनच खरडून गेलेल्या जमिनीची नोंद पीक नुकसानीपासून वेगळी करून घ्या. अल्प व अत्यल्प भूधारकांना (दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्यांना) तिचा दर हेक्टरी ४७,००० आहे. तीन इंचांहून जास्त गाळ साचला असेल तर तो काढायला हेक्टरी १८,०००. पंचनाम्यात नुसतं ‘सोयाबीन, नुकसान’ असं लिहिलं गेलं की पिकाचाच दर लागतो. पंचनामा होईपर्यंत बाहेरची माती टाकू नका. बांध, उघडा पडलेला मुरूम आणि शेजारचं न वाहिलेलं रान एकाच फोटोत येईल असं उभं राहा, म्हणजे किती फूट माती गेली ते दिसतं.

प्रश्न : बँकेनं अनुदान कर्जात वळतं केलं. (जिंतूर)

उत्तर : मदतीच्या शासन निर्णयांत याला स्पष्ट मनाई असते. निर्णयाची प्रत जोडून शाखाधिकाऱ्यांना अर्ज द्या, एक प्रत तहसीलदारांना आणि एक जिल्ह्याच्या अग्रणी बँकेला.