तेरा साते एक्क्याण्णव

प्रश्न : माझा नातू पाचवीत आहे, शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे. परवाच्या सराव चाचणीत त्याने १, ५१ आणि ९१ या तिन्ही मूळ संख्या म्हणून लिहिल्या. तिन्ही चूक. आता विचारतो, “आजी, १ ला १ नेच भाग जातो, मग ती मूळ का नाही?” मी पडले जुन्या मॅट्रिकची. त्याला काय सांगू?
– एक आजी, ऐरोली

उत्तर : ताई, ९१ ने मलाही फसवलंय, तेही गणिताचा मास्तर असताना. आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत गणपतीत मुलांचा कार्यक्रम होता, मंडपवाल्याने ९१ खुर्च्या आणून टाकल्या. मी ऐटीत म्हणालो, “याच्या सारख्या रांगा व्हायच्या नाहीत.” त्याच्या हाताखालच्या पोराने काही न बोलता तेरा-तेराच्या सात रांगा लावल्या आणि चहा प्यायला गेला.

नातवाला हेच करायला लावा, खुर्च्यांऐवजी चिंचोके घ्या. १२ चिंचोक्यांच्या सहा-सहाच्या दोन रांगा होतात, चार-चारच्या तीन होतात. म्हणून १२ संयुक्त. १३ घेतले तर एकच लांबलचक ओळ, दुसरी कुठलीही चौकट जमत नाही. ती मूळ.

५१, ५७, ८७, ९१ या लबाड संख्या. विषम आहेत, शेवटी ५ नाही, चेहरा अगदी मूळ संख्येचा. पण तुम्ही तिसापर्यंत पाढे म्हटलेले असणार. सतरा त्रिक एक्कावन्न, एकोणीस त्रिक सत्तावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, तेरा साते एक्क्याण्णव! कानाने चोर पकडला जातो. हल्ली पाढे दहापर्यंतच पाठ असतात, मग पोरं फसणारच. पहिल्या तिघी अंकांच्या बेरजेतही सापडतात (५ + १ = ६, म्हणजे ३ ने भाग जाणार). ९१ तिथूनही निसटते. ७ ने भागून बघायचा आळस केला की गुण गेला.

एका रविवारी १ ते १०० चा तक्ता काढून द्या. १ आधीच खोडा. मग २, ३, ५ आणि ७ या चौघांना ठेवून त्यांच्या पटीतल्या बाकी सगळ्या संख्या खोडायच्या. बरोबर २५ उरतील. ही ग्रीक इराटोस्थेनिसची चाळणी, दोन हजार वर्षांहून जुनी. सातावरच का थांबायचं, हे तो विचारेल. पुढची मूळ संख्या ११, आणि ११ × ११ म्हणजेच १२१, शंभराच्या बाहेर. ११ च्या शंभराच्या आतल्या बाकी पटी तोवर खोडून झालेल्या असतात.

आता १. मूळ संख्येला बरोबर दोन विभाजक लागतात, १ ला एकच आहे. एवढ्याने तुमचा नातू गप्प बसेल असं वाटत नाही, बसूही नये. त्याला १२ चे मूळ अवयव पाडायला सांगा : २ × २ × ३. कुठूनही सुरुवात करा, शेवटी हेच तिघे हाती येतात. १ ला मूळ म्हटलं की १ × २ × २ × ३ ही बरोबर, १ × १ × २ × २ × ३ ही बरोबर. वहीचं पान संपेल, अवयव संपणार नाहीत. म्हणून १ ला बाहेर बसवलं. ती संयुक्तही नाही. चाचणीत मूळ आणि संयुक्त असे दोन रकाने आले, तर १ कुठल्याच रकान्यात लिहायची नाही.