वाचकांचे प्रश्न : कुठे जेवावे, काय मागवावे

‘बाहेर जेवायला कुठे जाता?’ असे गेल्या अंकात विचारले होते. पत्रे बरीच आली. पण त्यांतली बहुतेक ‘अमुक ठिकाण एकदम भारी’ एवढे सांगून संपतात. काय मागवले, किती वाजता गेलात आणि सोबत कोण होते, हे कळल्याशिवाय अशा शिफारशीचा दुसऱ्याला काही उपयोग होत नाही. ज्या पत्रांत ते कळते, अशी चार पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : अंबाबाईच्या दर्शनासाठी आम्ही कोल्हापूरला जाणार आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेले शाकाहारी सासू-सासरे आणि दोन लहान मुले असतील. तांबडा-पांढरा खाल्ल्याशिवाय परतायचे नाही, असा यजमानांचा हट्ट आहे. मला तिखटाची धास्ती वाटते. कुठे जावे?
— एक वाचिका, नागपूर

उत्तर : सावजीच्या गावाहून येणाऱ्यांनी कोल्हापूरच्या तिखटाची धास्ती घ्यावी, याची गंमत वाटली. कोल्हापुरी म्हणजे जाळ, ही समजूत बरीचशी कोल्हापूरबाहेरच्या मेन्यूकार्डांनी करून दिली आहे. ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची लालभडक भाजी देशभर मिळते, पण ती कोल्हापूरच्या घरांत शिजणारी भाजी नव्हे. तांबडा रस्सा झणझणीत असतो हे खरे. मात्र त्याची खरी ओळख कांदा-लसूण चटणीत आहे (तिकडे ‘चटणी’ म्हणजे वर्षभराच्या साठवणीचे मसाला-तिखट, ताटाच्या डाव्या बाजूची चटणी नव्हे). पांढऱ्या रश्श्यात तर लाल तिखटही नसते आणि हळदही नसते. मटण शिजवलेल्या पाण्यात खसखस, तीळ आणि काजूचे वाटण व नारळाचे दूध घालून त्याला खड्या मसाल्याची फोडणी देतात, आणि तो फार उकळला की फुटतो. म्हणून वाढलेला पांढरा नितळ आणि एकजीव आहे का, हे आधी पाहावे. वर पाणी आणि खाली चोथा दिसला, तर तो सकाळपासून तापवला जातो आहे, असे खुशाल समजावे.

मुलांसाठी ‘अळणी मिळेल का?’ असे बसतानाच विचारून घ्या. मसाला पडण्याआधीचे मटणाचे हे पाणी कोल्हापुरातल्या घरांत लहान मुलांना भाताबरोबर देतातच. पद्मा गेस्ट हाउस आणि ओपल ही तिथली जुनी आणि परिचित नावे आहेत. बहुतेक ठिकाणी रस्सा पुन्हा पुन्हा वाढतात, त्यामुळे पहिल्या दोन वाट्यांतच पोट भरून घेऊ नये, अशी यजमानांना सूचना द्या. रविवारी दुपारी मात्र जाऊ नका. त्या दिवशी निम्मे गाव मटणावर बसलेले असते.

सासू-सासऱ्यांना मटणाच्या पंगतीत शेजारी बसवून ‘तुमच्यासाठी व्हेज थाळी आहे ना’ असे म्हणणे मला बरे वाटत नाही. त्यापेक्षा दिवसाची विभागणी करावी. सकाळी दर्शन आटोपून सगळ्यांनी उद्यमनगरातल्या फडतरे मिसळीला जावे. कट वेगळा मागवला म्हणजे ज्याला जेवढा झेपेल तेवढा तो घेईल. तुम्ही ज्याला तर्री म्हणता, तोच तिकडचा कट. सोबत पाव नव्हे, ब्रेडच्या स्लाइस येतात, त्याने बिचकू नये. दुपारी ज्यांना मटण हवे त्यांनी ते खावे आणि वडीलधाऱ्यांनी विश्रांती घ्यावी. संध्याकाळी खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ आणि नंतर गंगावेशीचा दूधकट्टा, हे दोन्ही सर्वांना चालेल. कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. सासऱ्यांना हे दिवसभरातले सर्वांत जास्त आवडेल, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : पुण्यात पेठेतल्या एका प्रसिद्ध मिसळीच्या ठिकाणी मित्राच्या शिफारशीवरून गेलो. अर्धा तास रांगेत उभा राहिलो आणि मिसळ चक्क गोडसर निघाली! ही फसवणूक नव्हे काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नव्हे. पोहे, बटाट्याची भाजी, शेव आणि किंचित गोडाकडे झुकणारा रस्सा ही पेठांमधली जुनी पद्धत आहे. नाशिकच्या काळ्या मसाल्यावर वाढलेल्या जिभेला ती गुळमट लागणारच. दोष मिसळीचा नसून मित्राचा आहे. त्याने ‘उत्तम’ म्हटले, ‘गोडसर’ म्हटले नाही. शिफारस करणाऱ्याला स्वतःला तिखट कितपत चालते, हे पुढच्या वेळी आधी विचारून घ्यावे.

प्रश्न : नोकरीनिमित्त दादरला एकटी राहते. चार जणांच्या टेबलावर एकटीने बसले की वेटर ‘आणखी कोण येणार आहे?’ असे विचारतो आणि जेवणावरची इच्छा उडते. अवघडल्यासारखे न वाटता कुठे जेवता येईल?
— एक वाचिका, मुंबई

उत्तर : जिथे अनोळखी माणसांना एकाच टेबलावर बसवण्याची रीत आहे, तिथे जावे, तिथे एकटे असणे कोणाच्या लक्षातही येत नाही. माटुंगा स्थानकाच्या पूर्वेला ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, 1942 पासूनचे. तिथे केळीच्या पानावर भात, सांबार, रसम येते आणि शेजारचा माणूस आपल्याच पानाशी गुंतलेला असतो. दादरमध्ये प्रकाश शाकाहारी उपाहार केंद्रात साबुदाणा वडा आणि पियुष घ्यावे; तिथेही मोकळ्या खुर्चीवर बसून घ्यायचे असते, कोणी चौकशी करत नाही. वातानुकूलित आणि मंद दिव्यांच्या हॉटेलांत हा प्रश्न जास्त जाणवतो, कारण तिथली बैठकच जोडप्यांसाठी आणि कुटुंबांसाठी मांडलेली असते.

प्रश्न : ठाण्यातल्या एका हॉटेलात बिलावर दहा टक्के सेवा शुल्क लावले होते. ‘मेन्यूवर लिहिले आहे, द्यावेच लागेल’ असे व्यवस्थापक म्हणाले. आम्ही दिले. द्यायला हवे होते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. सेवा शुल्क बिलात आपोआप जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी स्पष्ट केले. हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, पण दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ही मार्गदर्शक तत्त्वे कायम ठेवली. मेन्यूवर छापले म्हणून ते सक्तीचे होत नाही. जीएसटी हा कर आहे, तो वेगळा. सेवा शुल्क मात्र हॉटेलच्या खिशात जाते. शिवाय ते लावले की त्याच्यावरही जीएसटी चढतो. दोन हजारांचे जेवण असेल तर पाच टक्के जीएसटीसह बिल 2100 रुपये व्हायला हवे. दहा टक्के सेवा शुल्क धरले की तेच 2310 होते. पैसे देण्यापूर्वी ‘हे काढून बिल नव्याने द्या’ असे शांतपणे सांगावे. ऐकले नाही, तर बिलाचे छायाचित्र काढून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. वाढप्याची सेवा आवडली असेल, तर त्या 210 रुपयांतले पन्नास-शंभर त्याच्याच हातात ठेवावेत.