वाचक विचारतात : जपानी ऑटोमॅटिक घड्याळं

सेइको ७एस२६ मशीनचं घड्याळ संध्याकाळी काढून ठेवलं की सकाळपर्यंत बंद पडतं. चावी कितीही फिरवली तरी भरत नाही. मशीन गेलं का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

चावीने भरायची सोयच ७एस२६मध्ये नाही. चावी फक्त काटे, तारीख आणि वार लावण्यापुरती. घड्याळ भरतं ते रोटरवर, म्हणजे हाताच्या हालचालीने आत फिरणाऱ्या वजनावर. बंद घड्याळ आडवं धरून अर्धा मिनिट डावी-उजवीकडे हलवलंत की ते चालू होईल, पण त्याने घड्याळ चालवणारी मेन स्प्रिंग पूर्ण भरत नाही. दिवसभर टेबलाशी बसून काम असेल तर रात्रीपुरतीही ताकद जमत नाही.

म्हणून आधी ही चाचणी घ्या. दोन-तीन दिवस, चालणं-फिरणं होईल असं, सकाळपासून रात्रीपर्यंत हातात घाला. मग तबकडी वर करून ठेवा आणि किती तास चालतं ते मोजा. पूर्ण भरलेलं मशीन साधारण 40 तास चालतं. तेवढं चाललं तर बिघाड नाही, हालचाल कमी पडते. 15-20 तासांतच थांबलं तर मात्र ते उघडायला हवं.

उघडल्यावर पहिली शंका रोटरच्या बेअरिंगची आणि रोटरचं फिरणं स्प्रिंगपर्यंत पोचवणाऱ्या मॅजिक लिव्हरची. रोटरमुळे फिरणाऱ्या एका चाकावर मध्यापासून जरा बाजूला एक खुंटी असते आणि तिच्यावर हा दोन हातांचा लिव्हर बसतो. खुंटी पुढे-मागे झाली की एक हात दातेरी चाकाला ढकलतो, दुसरा ओढतो. रोटर कुठल्याही बाजूला फिरो, चाक एकाच दिशेला जातं. सेइकोने ही रचना 1959 साली आणली. हातांची टोकं झिजली किंवा तेलाचा चिकटा झाला तर रोटर फिरत राहतो, स्प्रिंग मात्र भरत नाही. दुसरी शंका मेन स्प्रिंगची. तिचं बाहेरचं टोक ती ज्या गोल डब्यात असते त्याला पक्कं जोडलेलं नसतं, भरल्यावर ते भिंतीला घासून सरकतं. म्हणून ऑटोमॅटिक घड्याळ 'जास्त भरून' तुटत नाही. पण तिथलं ग्रीस चुकीचं असेल तर स्प्रिंग वेळेआधीच घसरते. पुढचं घड्याळ घेताना सेइकोचंच ४आर३६ मशीन पाहा. त्याला चावी देता येते आणि सेकंदकाटाही थांबवता येतो.

सिटीझनच्या घड्याळात हात झटकला की गर्रकन आवाज येतो. – ऐरोली

मशीन मियोटा (सिटीझनचीच मशीन बनवणारी कंपनी) ८२०० मालिकेतलं असेल तर ते एकाच दिशेने भरतं. उलट्या दिशेला रोटर मोकळा फिरतो, त्याचा हा आवाज. खरखर किंवा घासल्यासारखं ऐकू आलं तरच दाखवा.

एनएच३५ मशीनचं घड्याळ अचानक रोज 5 मिनिटं पुढे जायला लागलं. स्वतः वेळ कमी-जास्त करायचा लिव्हर सरकवू का? – वाशी

अजिबात नको. या मशीनची कंपनीने दिलेली मर्यादा दिवसाला −20 ते +40 सेकंद आहे. अचानक मिनिटांनी पुढे जाणं बहुतेकदा चुंबकाचं काम असतं: मोबाइलचं चुंबकी कव्हर, स्पीकर, पर्सचं बटण. बॅलन्स म्हणजे पुढे-मागे हलून वेळ राखणारं चाक, आणि हेअरस्प्रिंग म्हणजे त्याची केसासारखी बारीक स्प्रिंग. तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, ती आखूड झाल्यासारखी वागते आणि बॅलन्स भराभर हलतो. छोटं होकायंत्र जवळ धरा. सुई ओढली गेली तर चुंबकत्व काढणाऱ्या यंत्राने डीमॅग्नेटाइझ करून घ्या. ते यंत्र स्वस्तातही मिळतं, पण बटण दाबून धरून घड्याळ हळूहळू हातभर लांब नेल्यावरच बटण सोडायचं. घड्याळ यंत्रावर असतानाच सोडलंत तर चुंबकत्व उलट वाढू शकतं. फरक पडला नाही तर धक्क्याने हेअरस्प्रिंगचा वेढा अडकला असेल.

लिव्हरचं म्हणाल तर बॅलन्सवर एकाला लागून एक असे दोन असतात. एक वेळेचा, दुसऱ्याला हेअरस्प्रिंगचं टोक धरलेलं. घाईत दुसरा हलतो आणि टिक-टॉकचं अंतर बिघडतं. घड्याळजीकडे टायमिंग मशीन (टिक-टिक ऐकून चाल मोजणारं यंत्र) असेल तर त्यावर लिफ्ट अँगल, म्हणजे या मशीनचा ठरलेला कोन, 53 अंश लावायला सांगा, नाहीतर अँप्लिट्यूडचा, म्हणजे बॅलन्स किती अंश झुलतो त्याचा, आकडा चुकतो. पूर्ण भरलेलं असताना, तबकडी वर ठेवून तो 200 अंशांच्या खाली आला तर आधी सर्व्हिस, मग लिव्हर.

तारीख मध्येच अडकते. – कोपरी, ठाणे

रात्री 9 ते पहाटे 4 या वेळेत तारीख-वार झटपट बदलायला जाऊ नका. तेव्हा तारखेची चाकं आधीच एकमेकांत गुंतलेली असतात, जोर दिला की दाता तुटतो. काटे फिरवून सहावर आणा, मग बदला. दाता तुटला असेल तर तारखेचं चाक बदलावंच लागेल.