कथालेखन : तुमचे प्रश्न

प्रश्न : माझी कथा १९५५ सालच्या व्हर्जिनियातली आहे. गोरा गवंडी आणि कृष्णवर्णीय मुलगी रिचमंडच्या कोर्टात लग्न करतात, गाव छळतं, शेवटी प्रेम जिंकतं. अडीच हजार शब्द झालेत. वाचणारे म्हणतात, भाषण वाटतं. हीच कथा सोलापुरात आणून वंशाच्या जागी जात घातली तर?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आधी लग्नाचं बघा. १९२४च्या कायद्याने व्हर्जिनियात असं लग्न हा गुन्हा होता, त्यामुळे रिचमंडला या दोघांना परवानाच मिळाला नसता. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या खऱ्या जोडप्याने जून १९५८मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं ते त्यामुळेच. पुढच्याच महिन्यात रात्री पोलीस थेट झोपायच्या खोलीत आले. भिंतीवरचा लग्नाचा दाखला त्यांनी मानला नाही. जानेवारी १९५९मध्ये एक वर्षाची कैद सुनावली आणि ती स्थगित ठेवली, अट एवढीच की राज्य सोडायचं आणि पंचवीस वर्षं दोघांनी मिळून परत यायचं नाही.

ही अट तुमच्या कथेसाठी सोन्याची आहे. मुलगी माहेरी जाऊ शकते, पण नवऱ्याला हद्दीबाहेर ठेवून. आईच्या आजारपणाचा एक प्रसंग या अटीवर उभा करा आणि गावाच्या शिवीगाळीची पानं सरळ काढून टाका. ‘अन्याय’, ‘समानता’, ‘माणुसकी’ हे शब्द असलेली वाक्यंही खोडा. बहुतेक ठिकाणी काही अडणार नाही. चिकाटी दाखवायची तर प्रसंग तीनच ठेवा, प्रत्येकी सात-आठशे शब्दांचे, आणि मधली वर्षं दोन ओळींत उरका. अशा लग्नांवरची बंदी रद्द करणारा लव्हिंग खटल्याचा निकाल १२ जून १९६७ला लागला. तुमची कथा निकालाआधी थांबली तरी चालेल. एकमेकांवर प्रेम आहे हे त्या दोघांना तोंडाने बोलायला लावू नका.

आता सोलापूर. नुसती नावं बदलून काम भागणार नाही, कारण इथे कायदा लग्नाच्या बाजूने आहे. १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एकाने जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. मग नोटीस कार्यालयात लावतात, आक्षेपांसाठी तीस दिवस जातात आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. ती नोटीस कुणीतरी वाचतो आणि बातमी पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये मुलाच्या आधी पोचते. कबूल झालेला तिसरा साक्षीदार आयत्या वेळी फोन उचलत नाही. मुलीची आई कंपनीत विड्या द्यायला जाते, तेव्हा रोज शेजारी बसणारी बाई पाटी उचलून पलीकडे जाते. तिथे एकही संवाद घालू नका. घरी तेलुगू बोलली जात असेल तर भांडण तेलुगूत सुरू होऊ द्या, पण वाचकाला अर्थ पुढच्या कृतीतून कळला पाहिजे. काळ नोटिशीच्या तीस दिवसांचाच ठेवा, व्हर्जिनियाची नऊ वर्षं इकडे आणू नका.