टेम्पो ट्रॅव्हलरच्या छतावर सोलर पॅनेलं: चिकटवायची की बोल्टने कसायची?

प्रश्न थोडक्यात असा: टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपा-राहायची सोय असलेली गाडी, करून घेतली आहे. छताचा पुढचा भाग मूळ पत्र्याचा आणि मागचा बॉडीवाल्याने फायबरमध्ये उंच करून दिलेला. २०० वॅटची दोन काचेची पॅनेलं, १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी. भोकं पाडली तर छत गळेल आणि नुसतं चिकटवलं तर हायवेवर पॅनेल उडेल, अशा दोन भीती. दोन्ही रास्त आहेत, पण नीट काम केलं तर दोन्ही टळतात.

आधी उडण्याचं गणित करू. २०० वॅटचं पॅनेल साधारण १ चौरस मीटरचं असतं. गाडी ताशी १०० किमी आणि समोरून ४० किमीचा वारा, म्हणजे पॅनेलला १४० किमीचा वारा लागतो. त्याचा दाब सुमारे ९०० पास्कल, म्हणजे पॅनेलवर जवळपास ९० किलो ओढ धरायला हवी. चारही कोपऱ्यांचे ब्रॅकेट मिळून ४०० चौरस सेंटिमीटर चिकटले असतील, तर दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोही येत नाही. सिकाफ्लेक्स २५२ सारखं पॉलियुरेथेन चिकटद्रव्य पूर्ण सुकल्यावर दर चौरस सेंटिमीटरला २० किलोंच्या वर सहज धरतं. म्हणजे चिकटद्रव्य तुटून पॅनेल उडणं जवळपास अशक्य आहे. पॅनेल सुटतं ते खालच्या रंगासकट, पुट्टीसकट किंवा फायबरवरच्या मेणासकट. म्हणून आधी तुमच्या छतावर रंगाखाली काय आहे ते शोधा.

पत्र्याच्या भागावर लोहचुंबक फिरवा. जिथे पकड ढिली वाटेल तिथे डेंटिंग-पेंटिंगवाल्याने पुट्टी जाड भरली आहे. त्या जागी काहीही चिकटवू नका. मग ब्लेडने २-२ मिमी अंतरावर उभ्या-आडव्या सहा-सहा रेघा ओढा, त्यावर पॅकिंगची चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे चौकोन निघून आले तर त्या रंगावर चिकटवण्यात अर्थ नाही. कंपनीचा भट्टीतला मूळ रंग या चाचणीत बहुधा टिकतो. गॅरेजमध्ये मारलेला दुसरा हात अनेकदा टिकत नाही. चाचणीची जागा ब्रॅकेटखाली येईल अशीच निवडा आणि नंतर प्रायमर लावून झाका.

माझं मत स्पष्ट आहे. पत्र्याच्या भागावर बोल्ट, फायबरच्या भागावर चिकटद्रव्य. पत्रा पातळ असतो, पण त्याच्या खाली आडव्या कमानी असतात आणि त्या भार घेतात. फायबरच्या खाली बहुधा अशी सलग कमान नसते. तिथे बोल्टभोवती भेगा पडतात. चिकटद्रव्य मात्र भार मोठ्या जागेवर पसरवतं.

पत्र्याचं काम. आतली सीलिंग थोडी सोडवून कमानी कुठे आहेत ते बघा. तिथून दिव्यांच्या वायरी जात असतील तर बाजूला घ्या आणि ड्रिलला खोलीचा अडसर लावा. नुसत्या पातळ पत्र्यात पत्र्याचे स्क्रू मारू नका. हादऱ्याने भोक मोठं होत जातं आणि स्क्रू हाताने निघतो. कमानीत एम ६ चे (६ मिमी बोल्टचे) रिव्हनट, म्हणजे भोकात एकाच बाजूने दाबून बसवायचे आटे असलेले नट, बसवा, त्यावर दोन ॲल्युमिनियम रेल, आणि पॅनेल रेलवर. भोक पाडलं की कडा कानसने साफ करून झिंक प्रायमर आणि रंग लावा, तो सुकू द्या, मगच रिव्हनट. ड्रिलचा लोखंडी चुरा लगेच व्हॅक्यूमने आणि चुंबकाने उचला. तो राहिला तर एका रात्रीच्या दवाने सगळ्या छतावर गंजाचे ठिपके उठतात आणि रंगात रुततात. रेलच्या पायाखाली आणि भोकात पॉलियुरेथेन सीलंट भरा. बोल्ट इतका आवळू नका की सगळं सीलंट पिळून बाहेर येईल; २ मिमीचा थर राहिला पाहिजे. सुकल्यावर पुन्हा आवळलं तर सील तुटतं. गाडी कोकणात किंवा गोव्यात जास्त फिरणार असेल तर स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम रेल यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर हवाच. खाऱ्या हवेत दोन धातूंचा तो सांधा झपाट्याने गंजतो.

फायबरवर मात्र घाई चालत नाही. साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं मेण पृष्ठभागावर राहिलेलं असतं. आधी मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसा, मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा. क्रम उलटा केला तर मेण घासून आत बसतं. जेलकोटच्या (फायबरवरच्या चकचकीत थराच्या) खालचे तंतू दिसू देऊ नका. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, प्रत्येक हाताला नवं फडकं. त्यावर चिकटद्रव्याच्या कंपनीचाच ॲक्टिव्हेटर किंवा प्रायमर, आणि त्यांनी दिलेला थांबण्याचा वेळ पाळा. ब्रॅकेटची खालची बाजूही याच पद्धतीने.

नळीच्या तोंडाला त्रिकोणी खाच पाडून सुमारे १० मिमी उंचीची रेघ ओढा. सलग गोल बंद करू नका. हे चिकटद्रव्य हवेतल्या ओलाव्याने सुकतं, त्याला आत जायला वाट हवी. दाबताना खाली ३ मिमीचे रबरी तुकडे ठेवा, म्हणजे थर तेवढा जाड राहतो. छत तापून फुगतं आणि रात्री आकसतं, ती हालचाल हा थरच सोसतो. दर पॅनेलला ३०० मिलीची एक नळी धरा. साधारण २३ अंशाला २४ तासांत ३-४ मिमी सुकतं, तेही कडेकडून आत. दोन दिवस गाडी हलवू नका, हायवेवर जायला आठवडा थांबा. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या छतावर चिकटद्रव्याला मिनिटांत साय धरते आणि ब्रॅकेट वरवर चिकटतं. सकाळी लवकर करा. पावसाळ्यात छताखाली, पृष्ठभाग पूर्ण कोरडा असताना.

बाथरूमचं सिलिकॉन मुळीच नको. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातू गंजवतं, आणि एकदा लागलं की त्या जागी पुढे दुसरं काही धड चिकटत नाही.

कोणत्याही पद्धतीत पॅनेलखाली ३०-४० मिमी मोकळी जागा ठेवा. पॅनेलमधल्या पेशी (सेल) २५ अंशांच्या वर तापल्या की दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वॅट जातात. ६५ अंशाला ४०० वॅटमधले ६० वॅट गेलेच. म्हणूनच छताला थेट चिकटवायची वाकणारी पॅनेलं मी सुचवत नाही. ती तापतात आणि त्यांचे थर लवकर सुटतात. शिवाय प्रत्येक पॅनेलच्या फ्रेमपासून छतावरच्या एखाद्या पक्क्या, वेगळ्या ठिकाणापर्यंत ३ मिमीची स्टीलची वायररोप बांधा. ब्रॅकेट सुटलं तरी पॅनेल मागच्या दुचाकीवर जाऊ नये, यासाठी हा खर्च करायचाच.

वायरिंग. झाडाखाली गाडी लावणार असाल तर दोन्ही पॅनेलं पॅरलल जोडा. एकावर सावली आली तरी दुसरं चालू राहतं. मग करंट २० अँपिअर होतो. कंट्रोलर (पॅनेलची वीज बेताने बॅटरीत भरणारं यंत्र) ६ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर तांबं. ४ चौरस मिमीच्या वायरीत वाटेतच १ व्होल्टच्या वर व्होल्टेज घटतं, ६ मध्ये ०.७. म्हणून ६ चौरस मिमीची सोलर वायरच घ्या. सिरीजमध्ये करंट निम्मा होतो आणि ४ ची पुरते. एमसी-४ कनेक्टर (सोलर वायरी जोडायचे प्लग) दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे हवेत, आणि ते क्रिंपिंगच्या हत्यारानेच दाबायचे. पकडीने दाबलेला कनेक्टर आतून तापत जातो आणि शेवटी वितळतो. वायर छतातून आत घ्यायला दोन तोंडांचा बंद डबा, तोंडं गाडीच्या मागच्या बाजूला. डब्यात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच गळून जातं.

कंट्रोलर ३० अँपिअरचा एमपीपीटी, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा. कोणी घराच्या छतावरची ५४० वॅटची पॅनेलं स्वस्त पडतात म्हणून सुचवेल. ती सुमारे २.३ मीटर लांब, २८ किलोंची आणि काही जोडलेलं नसताना ४९ व्होल्टची असतात. दोन सिरीजमध्ये लावून लडाखला गेलात तर थंडीत व्होल्टेज १०० च्या वर जाऊन १०० व्होल्टचा कंट्रोलर जळतो.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर ३० अँपिअर चालतात, फक्त शून्य अंशाखाली चार्जिंग बंद राहील अशी सोय असू द्या. घरातल्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर (शिसे-ॲसिडची) असेल तर कंट्रोलरमध्ये मर्यादा १०-१५ अँपिअर करा, आणि ती झोपायच्या जागेत ठेवू नका. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज, तिथून कंट्रोलरपर्यंत १० चौरस मिमी वायर. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल. काम चालू असताना पॅनेलवर जाड चादर टाकून ठेवा, कारण उजेड असेपर्यंत ते बंद होत नाही.

पहिल्या २०० किमीनंतर प्रत्येक कोपरा हाताने वर ओढून बघा, पुढे पावसाळ्याआधी आणि नंतर. विमा कंपनीला बसवलेल्या सामानाची लेखी माहिती द्या. नवी उंची जमिनीपासून मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. जुने रेल्वे पूल, पेट्रोल पंपाची छतं आणि कोकणातल्या गल्लीवर वाकलेल्या फांद्या यांच्याशी गाठ पडणार आहे.