‘स्वयंभू आरएनए’ म्हणावं का?

नौपाड्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: जीवसृष्टीच्या उगमावर मुलांसाठी टिपण लिहितेय, त्यात ‘सेल्फ-रेप्लिकेटिंग आरएनए’ला (आरएनए म्हणजे डीएनएसारखाच आनुवंशिक मजकूर वाहणारा रेणू) ‘स्वयंभू आरएनए’ म्हटलं तर चालेल का?

शब्द देखणा आहे, पण चालणार नाही. स्वयंभू म्हणजे आपोआप झालेला. अष्टविनायकांच्या मूर्तींना स्वयंभू म्हणतात, कारण त्या कुणी घडवल्या नाहीत अशी श्रद्धा आहे. त्या मूर्तीतून दुसरी मूर्ती निघते असं काही कुणी म्हणत नाही. ‘रेप्लिकेटिंग’मध्ये मात्र नेमकं तेच आहे, एकाचे दोन होणं. पहिला रेणू आला कुठून हा एक प्रश्न आणि आल्यावर तो वाढला कसा हा दुसरा.

योगायोग असा की २००९ साली या दोन्ही प्रश्नांवर महत्त्वाचे प्रयोग प्रसिद्ध झाले. मँचेस्टरला जॉन सदरलँड यांच्या गटाने अगदी साध्या रसायनांपासून आरएनएच्या चार घटकांपैकी दोन घडवता येतात हे दाखवलं. ‘स्वयंभू’ची वाट ही. तिकडे कॅलिफोर्नियात ट्रेसी लिंकन आणि जेराल्ड जॉइस यांनी आरएनएचे असे रेणू बनवले, जे कुठल्याही प्रथिनाच्या मदतीवाचून साधारण तासाभरात दुप्पट होत. हे वाढवत नेण्याची रीत आपल्या स्वयंपाकघरातलीच: विरजण. वाढलेल्या मिश्रणातला थोडा भाग ताज्या कच्च्या मालात घालायचा, तो वाढला की त्यातला थोडा पुढच्यात. दूध संपलं की दही वाढायचं थांबतं, तसं इथेही.

प्रथिनावाचून, हे महत्त्वाचं. प्रत काढायची तर मजकूर हवा आणि झेरॉक्सचं मशीनही हवं. आपल्या पेशींत मशीनचं काम बहुतेक ठिकाणी प्रथिनं करतात. आरएनए मजकूरही असतो आणि मशीनही होऊ शकतो, हे थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवलं. १९८९चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

आता पर्याय. ‘स्वप्रजननशील’ नको. प्रजनन म्हटलं की सजीव आधीच गृहीत धरला, आणि इथे तर सजीव नव्हता तेव्हाची गोष्ट चालली आहे. ‘स्वप्रतिकारी’ कुठेतरी वाचलं होतं. ते ऐकून मला रोगप्रतिकारशक्तीच आठवली, रेणू स्वतःशीच झुंजतोय असं वाटलं. परिभाषेतला शब्दच हवा असेल तर ‘स्वप्रतिकृतिक्षम’. जीभ अडखळते, पण अर्थ चोख आहे.

तरी ‘प्रतिकृती’बद्दल एक खुलासा टिपणात घाला. आरएनएची पहिली नक्कल हुबेहूब नसते, पूरक असते: त्याचे चार घटक ए, यू, जी, सी या अक्षरांनी दाखवतात, आणि नकलेत ए समोर यू येतो, जी समोर सी. कोर्टनाक्याला शिक्के करून देतात ना, त्या रबरावर अक्षरं उलटी असतात आणि कागदावर सुलटी उमटतात. तसंच, मूळ रेणू परत मिळायला नकलेची नक्कल काढावी लागते.

आणि काटेकोर बोलायचं तर जॉइस यांच्या प्रयोगात ‘स्व’सुद्धा थोडा सैल आहे. तिथे रेणूंची जोडी होती. पहिला दुसऱ्याचे दोन तयार तुकडे सांधायचा, दुसरा पहिल्याचे. खरं तर ‘परस्पर’ म्हणायला हवं, पण आपल्याकडे परस्पर म्हणजे ‘मला न विचारता’ असाही अर्थ आहे, तेव्हा तो मोह मी टाळला.

मुलांसाठी मी ‘आपलीच प्रत काढणारा आरएनए’ एवढंच लिहिलं असतं. ‘स्वयंभू’ वाया घालवू नका मात्र. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफेत ठिणग्या पाडून स्टॅन्ली मिलर यांनी १९५३ साली अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) मिळवली, त्या परिच्छेदाला मथळा म्हणून तो छान बसेल.